घरातल्या सगळ्यांचं औषध

बीबी, २४ सप्टेंबर १९६१

आज पहाटे परसाकडे गेलो असता जे दिसलं ते लिहावं की लिहू नये, या विचारात निम्मी सकाळ गेली. रोजनिशीत खोटं लिहायचं नाही असा माझा नियम आहे. तेव्हा सभ्य भाषेत एवढंच लिहितो, की माझ्या पोटात पाहुणे आहेत. त्यांतला एक आज बाहेर पडला. वीतभर लांब, पांढुरका, थेट गांडुळासारखा. आणि जिवंत!

जंत पोरासोरांना होतात. गावाच्या दारूबंदी समितीच्या अध्यक्षाला होतात असं मी कुठे ऐकलेलं नाही.

बरं, मुहूर्त तरी कोणता साधावा! येत्या दोन तारखेला चावडीपुढे गांधीजयंतीची सभा आहे. भाषण माझं. मुख्य पाहुणे देऊळगाव राजाचे किसनराव. त्यांचा धाकटा मुलगा शेषराव शाळेत मास्तर आहे आणि त्याला आमची शालू पसंत पडली आहे. पितृपक्ष संपला, दसरा झाला, की साक्षगंध करायचं ठरलं आहे. किसनराव माळकरी माणूस. त्यांचा थोरला भाऊ दारूपायी गेला. तेव्हापासून जिथे दारूचा थेंब पडतो त्या घरचं ते पाणीसुद्धा घेत नाहीत. 'भगवंतराव, तुमचं समितीचं काम ऐकूनच मी या सोयरिकीले हाव म्हटलं,' असं ते स्वतः म्हणाले होते. म्हणजे मुलीचं लग्न माझ्या भाषणांनी जमवलं म्हणायला हरकत नाही.

शालूला मी विचारलं, तुला स्थळ पसंत आहे ना? 'तुमी म्हणाल तसं,' म्हणून आत निघून गेली. या पोरीला कशाचं काही नाही. सध्या रुमालावर भरतकाम करत असते. कोपऱ्यात मोठा 'श' काढला आहे. स्वतःच्या नावाचं एवढं कौतुक बरं नव्हे, असं मी तिला समजावलं.

घरात आम्ही चार माणसं. मी, वच्छला, शालू आणि माझी आत्या झुंबरबाई. पाहुण्यांबद्दल कोणालाही कळता कामा नये. आत्याला कळलं की अख्ख्या बीबी गावाला कळलं.

२६ सप्टेंबर

गावातल्या वैद्याकडे गेलो असतो तर दुपारपर्यंत बाजारात चर्चा झाली असती. म्हणून बसने लोणारला गेलो. स्टँडवर ओळखीचे एक गृहस्थ भेटले. त्यांना सांगितलं, दैत्यसूदनाच्या दर्शनाला आलोय. देवाच्या नावावर खोटं नको म्हणून मग खरोखरच दर्शन घेतलं आणि नंतर डॉक्टर रहेमतुल्लांचा दवाखाना गाठला.

मी म्हणालो, माझ्या एका मित्राला जंत झालेत.

'मित्राले जीभ दाखवायले सांगा,' डॉक्टर म्हणाले. मी बेसावधपणे जीभ बाहेर काढली. ते काही बोलले नाहीत. भला माणूस.

त्यांनी पाइपराझिन नावाचं नवं औषध दिलं. या औषधाने जंत मरत नाही म्हणे. मग काय उपयोग, मी विचारलं.

'तो आतड्यात कायलेच धरून बसत नाही, भगवंतराव. उलट्या धारेत मासा पोहते तसा सारखा जोर करत राह्यते, म्हणून टिकते. ह्या औषधानं त्याचं अंग ढिलं पडते. मेंदूनं हुकूम सोडला तरी अंग ऐकत नाही. जोर सुटला का आतड्याची धार त्याले बाहेर वाहून नेते. जिताच जाते बिचारा.'

जंताला मेंदू असतो का, हे मला विचारायचं होतं. पण मित्राला एवढी चौकशी शोभली नसती.

'मित्राच्या घरी किती जण?'

'चार.'

त्यांनी चार बाटल्या पुढे ठेवल्या. 'घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी घ्यायचं. तुमची माती एक, भाजी एक, पाणी एक. एकाच्या पोटात हाय म्हणजे बाकीच्यांच्या असणारच. एकट्यानं घेतलं तर महिन्याभरात पुन्हा होतात. आन् एका माणसाले एकच बाटली. ज्यादा नाही.'

ज्यादा घेतलं तर काय होतं?

'जंताले जे होते तेच माणसाले होते,' ते म्हणाले आणि हसले. डॉक्टर विनोदी दिसतात.

२८ सप्टेंबर

बाटल्या कडब्याच्या गंजीत लपवल्या आहेत. दोन दिवस घरात विषय काढायला पाहतोय, पण जमत नाही. वच्छलाला 'हे औषध घे' म्हटलं की ती 'काऊन?' म्हणणार. 'काऊन' या शब्दाला माझ्याकडे एकच उत्तर आहे आणि ते मी देणार नाही. शिवाय लग्नाच्या मुलीला जंतांचं औषध पाजलं ही बातमी किसनरावांच्या कानी गेली तर?

बराच विचार केल्यावर मार्ग सापडला. डॉक्टरांचं म्हणणं एवढंच, की या घरात चार बाटल्या गेल्या पाहिजेत. कोणाच्या पोटात, हा तपशील झाला. मी कुटुंबप्रमुख आहे. चौघांचं औषध मी एकट्याने घेतलं तर ते घरातल्या सगळ्यांनी घेतल्यासारखंच आहे. औषध वायाही जायचं नाही.

आज दुपारी पहिली बाटली घेतली. त्याआधी गुळाचा खडा खाल्ला. गुळावर जंत गोळा होतात आणि मग औषध नेमकं लागू पडतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. डॉक्टर गुळाचं सांगायला विसरले. कामाच्या गर्दीत होतं असं.

औषधाला संत्र्याचा वास आहे आणि चव गोड. इतक्या गोड औषधावर माझा विश्वास बसत नाही.

३० सप्टेंबर

विश्वास ठेवावा लागला. काल सकाळी पाहुणे निघाले. आकडा लिहीत नाही. डॉक्टरांनी सांगितलं तसेच सगळे ढिले, पण जिवंत. मला त्यांची क्षणभर दया आली.

पण आज पुन्हा पोटात गुरगुरलं. म्हणजे काही मंडळी मुक्कामाला आहेत. एका बाटलीने भागेल असं मला पहिल्यापासून वाटत नव्हतं.

वच्छला आज जेवण वाढताना म्हणाली, 'पाहुणे जाऊन राह्यले ना व्यवस्थित?'

मी चमकलो. किसनराव अजून यायचे आहेत, असं तिला सांगितलं. 'हाव, तेच म्हणतो मी,' म्हणाली आणि पदराआड तोंड लपवून आत गेली. नंतर विचारते, 'त्या गंजीत मांजर व्याली का? घडीघडी तिकडं काऊन जाता?' बायकांना नको त्या गोष्टींत फार रस असतो.

१ ऑक्टोबर

उद्या सभा. एवढ्या लोकांपुढे पोट गुरगुरायला नको. संध्याकाळी गूळ खाऊन दोन बाटल्या एकदम घेतल्या. राहिलेली एक उद्या सकाळी घेईन म्हणजे औषध पूर्ण झालं.

भाषण पाठ आहे. सुरुवात अशी: 'बंधूंनो, दारू माणसाचं काय करते हे तुम्ही आज डोळ्यांनी पाहा.' पुढे दारुड्याचं वर्णन आहे. ते ऐकून लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल अशी खात्री वाटते.

२ ऑक्टोबर

अक्षर वाकडं येतंय. एका रेघेच्या दोन दिसतात. सभा झाली. किसनराव न जेवता गेले.

४ ऑक्टोबर

आज हात स्थिर आहे. मन नाही, पण लिहायला हवं.

सकाळी चौथी बाटली घेऊन निघालो तेव्हाच पाय कापसाचे झाल्यासारखे वाटत होते. भाषणाची धास्ती असेल म्हणून दुर्लक्ष केलं. चावडीशी पोचलो तर गांधीजींच्या तसबिरीशेजारी दोन किसनराव बसलेले. दोघांचा फेटा सारखाच, दोघंही मला नमस्कार करतायत. हार घातला तो डावीकडच्या किसनरावांना. हार खाली पडला, कारण डावीकडे किसनराव नव्हतेच. लोक हसले. मी वाकून हार उचलायला गेलो आणि तिथेच बसलो.

तरीही मी भाषण सोडलं नाही. कर्तव्य ते कर्तव्य. तसबिरीच्या टेबलाला धरून उभा राहिलो आणि म्हणालो, 'बंधूंनो, दारू माणसाचं काय करते हे तुम्ही आज डोळ्यांनी पाहा.'

पुढचं भाषण झालं नाही. टेबलासकट मी पुढे गेलो.

मला उठवायला पहिला धावला तो पुंजाजी, आमच्या समितीचा चिटणीस. अध्यक्षपद मला मिळालं तेव्हापासून त्याचा माझ्यावर डोळा आहे. त्याने माझ्या तोंडाजवळ नाक आणलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, 'संत्र्याची दारू हाय! मले हा वास बरोबर समजते.'

त्याला तो वास कसा काय समजतो, हे एवढ्या मोठ्या सभेत एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

किसनरावांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. घरी पुरणाचा स्वयंपाक तयार होता. ते परस्पर बसकडे गेले.

५ ऑक्टोबर

देऊळगाव राजाहून निरोप आला. साक्षगंधाची तयारी करू नका.

आत्या दिवसभर कोणाशी बोलली नाही. आत्या गप्प आहे म्हणजे प्रकरण गंभीर आहे.

७ ऑक्टोबर

दुपारी वच्छलाने चार रिकाम्या बाटल्या माझ्यापुढे ओळीने मांडल्या. गंजीतून काढल्या होत्या.

'ह्या चार ना?' ती म्हणाली. 'घरात माणसं चार. आता सांगा, याच्यातली माही कोणती?'

मी बाटल्या पुन्हा मोजल्या.

'अहो, तुमी झोपेत बरळता. पाहुणे गेले, पाहुणे गेले म्हणून. पहिले मले वाटलं, किसनरावांचं म्हणून राह्यले. मंग गूळ कमी होऊन राह्यला दिसलं तवा समजलं. मले सांगतलं असतं तर मी काय दवंडी देली असती का?'

ती रागावली नव्हती. तिला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि त्यात कोणतं जास्त ते मला कळेना. शेवटी म्हणाली, 'जा, डॉक्टरले विचारून या. जीव तरी सलामत हाय का पाहा.'

९ ऑक्टोबर

डॉक्टर रहेमतुल्ला डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग एकदम गंभीर झाले. मला एका रेघेवर चालवलं, हात पुढे धरायला लावले, गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली.

'नशीब समजा. हे औषध लघवीवाटे निघून जाते म्हणून वाचले. मूत्रपिंडात खोट असती तर झटके आले असते. ह्या औषधानं माणसं मेल्याचंबी वाचलं हाय मी. थोडं औषध आतड्यातून रक्तात जातच असते. एकाच्या मापात ते समजत नाही. तुमी चौघांचं पेले. मंग चक्कर येते, हात कापतात, एकाचे दोन दिसतात, पाय आपले राहत नाहीत. मी सांगतलं होतं ना, जंताले जे होते तेच माणसाले होते?'

मला तो विनोद वाटला होता, असं मी कबूल केलं. मित्राचं सोंगही तिथेच संपलं. गुळाबद्दल विचारलं तर म्हणाले, गूळ चहात टाका.

सोयरिकीचं सांगितलं. ते म्हणाले, 'मंग खरं सांगून टाका ना! जंत असणं काही गुन्हा नाही. दारू पेणं सरकारी गुन्हा हाय.'

त्यांना काय जातंय! दारुडा म्हटलं तर निदान माणूस मोठा वाटतो. लोक घाबरतात, हळहळतात. जंत झालेला अध्यक्ष म्हटल्यावर लोक काय करतील ते मला स्पष्ट दिसतंय. आता तर एकाचे दोनही दिसत नाहीत.

त्यांनी पुन्हा चार बाटल्या दिल्या. मी माझी पंधरवड्यानंतर घ्यायची, असं तीनदा वदवून घेतलं.

११ ऑक्टोबर

घटस्थापना काल झाली. शालूचं पोट बिघडलं आहे. जेवत नाही, डोळे लाल, रंग उतरलेला. ही पाहुण्यांचीच लक्षणं आहेत. वच्छलाला तसं म्हणालो, तर ती म्हणाली, 'तिच्या पोटात काही नाही. जरा वरतं पाहा.' मी वर पाहिलं. आढ्याला काही नव्हतं.

मग मागच्या दारी गेलो. शालू सुईने तो रुमालावरचा 'श' उसवत बसली होती. मी म्हणालो, अगं, आपल्या स्वतःच्या नावाचा एवढा राग कशाला?

'बाबा,' ती म्हणाली, 'तो माह्या नावाचा नाही.'

आणि रडायला लागली. लहानपणी विहिरीजवळ पडली होती तेव्हा रडली होती तशी, तोंड उघडं टाकून.

मी तिथेच पायरीवर बसलो. मला मुलीचं काही कळत नाही, हे आज कळलं. शेषरावाचं नाव श ने सुरू होतं हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. पण मी माझ्या भाषणांत होतो. या पोरीचा संसार माझ्या लाजेखाली सापडलाय आणि मी कोणतं नाव जास्त शोभेल याचा हिशोब करतोय.

रविवारी देऊळगाव राजाला जायचं ठरवलं. वच्छला म्हणाली, 'मीबी येतो.' तिला नको म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

१५ ऑक्टोबर

बसमध्ये वाक्य पाठ करत गेलो. आजवर इतकी भाषणं केली, पण एवढं छोटं भाषण इतकं जड कधी गेलं नव्हतं.

गावात बालाजीच्या यात्रेची गर्दी होती. किसनरावांनी दारात पाहून 'या' म्हटलं, पण पाणी विचारलं नाही. शेषराव खांबापाशी उभा होता. आत बायकांची कामं चालली होती.

मी म्हणालो, 'किसनराव, मी दारू प्यालो नव्हतो. माझ्या पोटात जंत आहेत. त्यांचं औषध जास्त झालं.'

आतला बांगड्यांचा आवाज थांबला.  पण एकदा तोंडातून गेल्यावर पुढचं सोपं गेलं. गंज, गूळ, दोन किसनराव, सगळं सांगितलं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, 'भगवंतराव, माहा भाऊबी असंच सांगे. खोकल्याचं औषध हाय म्हणे. पाय दुखतात त्याचं औषध हाय म्हणे. मरेस्तोवर औषधच म्हणत गेला. मी त्याच्यावर भरवसा ठेवत गेलो. आता माह्यात ताकद नाही.'

 मी पिशवीतून चारही बाटल्या काढल्या. म्हणालो, 'मग या मी तुमच्यासमोर पितो. सकाळपासून मी शुद्धीत आहे, तुम्ही पाहताय. संध्याकाळपर्यंत मला इथेच बसवा आणि मग चालवून पाहा.' डॉक्टरांचं सगळं आठवत होतं. तरीही मी पहिल्या बाटलीचं बूच काढलं. मला खरंच प्यायचं होतं.

वच्छलाने माझ्या हातातून बाटली ओढून घेतली. होणाऱ्या व्याह्यांसमोर, डोक्यावरचा पदर सावरून, एका दमात पिऊन टाकली.

'ही माही होती,' ती म्हणाली. 'घरातल्या सगळ्यांसाठी असते हे. एका माणसाले एक. यायनं लाजेपायी चौघांचं एकट्यानं पेलं. भाऊ, माह्या माणसाले दारू काय जमणार? त्याले साधं औषध पेता येत नाही!'

आतून कोणीतरी खो खो हसलं. किसनरावांच्या आई, तानुबाई, काठी टेकत बाहेर आल्या. 'किसन्या,' त्या म्हणाल्या, 'इतका मोठा माणूस चारचौघांत जंत हायेत म्हणते. खोटं बोलणारा याच्याहून चांगलं काही बोलला असता. आन् तू रे? लहानपणी पळसपापडी चारून तुहे पाडले होते ते मी पाह्यले हायेत. अजूनबी रातभर दात खातं तू. माहंबी पोट सारखं बिघडते. त्या डॉक्टरले आपल्यासाठी सांग.'

शेषरावाने तोंड भिंतीकडे फिरवलं. खांदे हलत होते.

किसनरावांनी रिकामी बाटली उचलून वास घेतला. बोट घालून थेंबभर चाखलं. 'संत्रं,' म्हणाले. 'गोड हाय.' मग बाटली खाली ठेवून एकदम आत वळून ओरडले, 'अन्नपूर्णे, पाणी आण! पाहुणे कवाचे बसले हायेत!'

पाणी आलं. चहा आला. गुळाचा होता.

निघताना ते म्हणाले, 'आमच्या घरच्यांसाठीबी औषध पाठवा. एका माणसाले एक ना? मंग सात लागतील.'

मी मनात मोजलं. किसनराव, अन्नपूर्णाबाई, तानुबाई, थोरला मुलगा, त्याची बायको आणि शेषराव. मी म्हणालो, 'सहा.'

'सात,' किसनराव म्हणाले.

'एक जास्त होईल. जास्तीचं काय होतं ते तुम्ही पाहिलंय,' मी म्हणालो. तेवढ्यात वच्छलाने माझ्या पायावर पाय दिला, चांगला जोरात.

बसमध्ये मी तिला समजावत होतो, की किसनराव सज्जन आहेत, पण मोजणीत कच्चे दिसतात. ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, 'शालीले धरून सात.'

लोणी पातळ व्हावं तसं मला झालं. पुढे बीबीपर्यंत मी बोटांवर सात मोजत बसलो.

२० ऑक्टोबर

काल दसऱ्याचं सोनं वाटायला सगळे चावडीपाशी जमले. तिथे उभा राहून मी सगळं सांगितलं आणि अध्यक्षपद पुंजाजीला देऊ केलं. लोक इतके हसले की पुंजाजीला ते घ्यायचं सुचलं नाही. नंतर त्यानेच मला बाजूला घेतलं. 'भगवंतराव, रागावू नका. त्या डॉक्टरचं नाव काय म्हणले? एका मित्राले पाह्यजे होतं.' मी त्याला जीभ दाखवायला सांगितली.

आता गावातली पोरं मला 'जंतराव' म्हणतात. काल मागून म्हणत होती, आज समोर म्हणाली. मी काठी उगारली, पण मारावंसं वाटलं नाही. शालू घरात गाणं गुणगुणते आहे. तेवढ्यासाठी जंतराव चालेल.

२२ ऑक्टोबर

लोणारला गेलो. किसनरावांसाठी सात बाटल्या मागितल्या. डॉक्टर आता माझा आकडा पडताळून पाहिल्याशिवाय बाटली देत नाहीत. एकेक नाव विचारलं. शालूचं नाव येताच हात आखडला.

'तिची बाटली मी तुमाले पहिलेच देली. एका पोरीले दोन घरचं औषध? मांडवात झुलवता काय तिले?'

'मग?'

'ती सध्या जेवते कोठी?'

'माझ्याकडे.'

'मंग ती तुमच्यात. त्यांच्या सहा.'

त्यांचं बरोबर होतं. पण किसनराव सात म्हणाले होते आणि तो आकडा मला मोडायचा नव्हता. सहा घेऊन घरी आलो. आमच्या तीन उरल्या होत्या, त्यांतली एक उचलून त्यांच्या पिशवीत घातली. सात झाल्या. वच्छलाने पिशवीचं तोंड बांधून दिलं. पिशवी देऊळगाव राजाच्या बसने पाठवली.

२९ ऑक्टोबर

आज रविवार. दुपारच्या बसने शेषराव उतरला. बीबीत त्याचं काही काम असेल असं मला वाटलं. त्याने झुंबरआत्याला नमस्कार केला, तशी ती जावई आल्याची बातमी द्यायला शेजारी गेली. मग त्याने आम्हाला नमस्कार केला आणि पिशवीतून एक बाटली काढली.

'आमच्या घरी आज सगळ्यांनी घेतलं,' तो म्हणाला. 'एकाच दिवशी घ्यायचं असते म्हणून... हिचं राह्यलं होतं.'

एवढं बोलून तो कानापर्यंत लाल झाला. बाटली कंडक्टरच्या हातीही पाठवता आली असती, असं मी सांगणार होतो. वच्छलाने माझ्याकडे पाहिलं. मी गप्प बसलो. मी शिकतोय.

शालूने दाराआड उभं राहून औषध घेतलं. शेषरावाने विचारलं, 'कडू हाय का?'

'नाही,' ती आतून म्हणाली. 'लय गोड हाय.'

साक्षगंध दिवाळीच्या आधी करायचं ठरलं. तो गेल्यावर मी आणि आत्याने आपापल्या बाटल्या घेतल्या. एकेकच. आत्या रिकाम्या बाटल्यांकडे पाहून म्हणाली, 'काऊन रे, शालीची दिसत नाही? तिनं नाही घेतलं का?'

'घेतलं की,' मी म्हणालो. 'तिने तिच्या घरची घेतली.'

सहज बोलून गेलो, आणि मग मला तिथे बसवेना. उठून गोठ्यात गेलो आणि बैलाच्या पाठीवर डोकं टेकून पोटभर रडलो.